एकाच हिरड्याचे दोन निकाल: संवर्धन-माध्यमाने बदललेल्या पेशीमृत्यूचे एक प्रकरण

ठाणे–बेलापूर पट्ट्यातील एका छोट्या प्रयोगशाळेत मी पेशी-संवर्धनाचे काम पाहते. गेल्या पावसाळ्यात आमच्यासमोर असा एक प्रश्न उभा राहिला, की त्याचा उलगडा होईपर्यंत आमचे दोन महिने गेले. हिरड्याचा अर्क एकच, त्याची मात्रा एकच, पेशींचा प्रकारही एकच होता. असे असूनही ठाण्यातील एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत चोवीस तासांत निम्म्याहून अधिक पेशी मेल्या, आणि आमच्याकडे, म्हणजे ट्रान्स-हार्बर लोकलने जेमतेम अर्ध्या तासाच्या अंतरावर, त्याच पेशी प्लेटच्या तळाला नेहमीसारख्या चिकटून वाढत राहिल्या. दोन्हीकडे काम करणारी विद्यार्थिनी एकच होती, तिचा हात स्वच्छ होता आणि वहीतील नोंदी प्रामाणिक होत्या. वनस्पतींच्या अर्कांवर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या आपल्याकडे मोठी आहे आणि आम्ही ज्या खड्ड्यात पडलो तो त्यांच्याही वाटेवर आहे, म्हणून हे प्रकरण मी तपशिलाने मांडत आहे.

पार्श्वभूमी

ऐरोलीला राहणारी ही विद्यार्थिनी एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपट्ट्यात आदिवासी कुटुंबे जो बाळहिरडा गोळा करतात तो तिने वाशीच्या मसाला मार्केटमधून घेतला, त्याचा पाण्यातील अर्क काढून सुकवला आणि हेला पेशींवर त्याचा परिणाम पाहायला सुरुवात केली. हेला ही १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या रुग्णाच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून वाढवलेली पेशीमालिका. ती आज जगभर वापरली जाते आणि बहुतेक प्रकारच्या माध्यमांत (पेशी वाढवण्याच्या पोषक द्रवांत) सहज वाढते. ठाण्यातील पहिल्या तीन प्रयोगांत निकाल सुरेख होते. मात्रा वाढवली की पेशी अधिक मरत होत्या, हेक्स्ट रंगद्रव्याखाली केंद्रकांचे तुकडे झालेले दिसत होते, आणि पेशीमृत्यू घडवून आणणाऱ्या कॅस्पेज-३ या विकराची (एन्झाइमची) क्रियाशीलता सहा तासांतच वाढत होती. पेशी आतून, ठरलेल्या क्रमाने मरत असल्याची ही सगळी लक्षणे होती. तिने हे घरी सांगितलेही होते, आणि घरचे ते अभिमानाने शेजारीपाजारी सांगत होते. या गोष्टीची आठवण आम्हाला पुढे वारंवार झाली.

या प्रकारच्या मृत्यूला ॲपोप्टोसिस हे नाव १९७२ मध्ये जॉन केर, अँड्र्यू वायली आणि ॲलिस्टर करी यांनी दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पानगळ. मार लागून फांदी मोडते त्यापेक्षा झाडाने स्वतः देठ सैल करून पान खाली सोडणे वेगळे, आणि तोच भेद त्यांना पेशींच्या बाबतीत दाखवायचा होता. मातीत राहणाऱ्या एका सूक्ष्म कृमीच्या वाढीत १,०९० कायिक पेशी तयार होतात आणि त्यातल्या नेमक्या १३१ मरतात. या निरीक्षणातून ज्या जनुकांचा शोध लागला त्यासाठी सिडनी ब्रेनर, रॉबर्ट हॉर्विट्झ आणि जॉन सल्स्टन यांना २००२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मृत्यूचा कार्यक्रम पेशीच्या आत लिहिलेला असतो हे या संशोधनातून पक्के झाले. मात्र तो कधी सुरू करायचा हे पेशी बऱ्याच अंशी बाहेरच्या परिस्थितीवरून ठरवते. १९९२ मध्ये मार्टिन रॅफ यांनी असे मांडले की प्राण्यांच्या शरीरातील बहुतेक पेशींना जगत राहण्यासाठी शेजारच्या पेशींकडून सतत संकेत मिळावे लागतात आणि ते थांबले की पेशी स्वतःला संपवते. हे मान्य केले, तर माध्यम, सीरम (माध्यमात मिसळला जाणारा रक्ताचा पाणीदार भाग), पेशींची दाटी आणि इन्क्युबेटरमधील हवा या गोष्टी प्रयोगाची निर्जीव मांडणी उरत नाहीत, कारण पेशी जो निर्णय घेते त्यात त्यांचा वाटा असतो.

निकालाची खातरजमा करण्यासाठी ॲनेक्सिन चाचणी करायची होती. पेशीच्या पटलाच्या आतल्या बाजूला असणारे फॉस्फॅटिडिलसेरिन हे मेदद्रव्य मृत्यूच्या सुरुवातीला बाहेरच्या बाजूला येते आणि चकाकणारे ॲनेक्सिन-पाच हे प्रथिन तिथे चिकटते. प्रोपिडियम आयोडाइड, ज्याला आम्ही पीआय म्हणतो, ते पटल फाटल्यावरच आत शिरते. दोन्हींची सांगड घातली की सुरुवातीचा मृत्यू आणि शेवटचा टप्पा वेगळे ओळखता येतात. यासाठी लागणारे फ्लो सायटोमीटर, म्हणजे पेशी एकेक करून मोजणारे यंत्र, ठाण्यात नव्हते, आमच्याकडे होते. म्हणून ती आमच्याकडे रबाळेला आली, आमच्याच पेशी आणि आमचेच माध्यम घेऊन तिने प्रयोग लावला, आणि अर्क दिलेल्या व न दिलेल्या पेशींत आम्हाला जवळजवळ काहीच फरक दिसला नाही.

आमची स्वतःची चूक

पहिला संशय आम्ही स्वतःवर घेतला आणि तो काही अंशी खराही निघाला. चिकटून वाढणारी पेशी मरायला लागली की तळ सोडते आणि माध्यमात तरंगू लागते. आमच्या नेहमीच्या पद्धतीत माध्यम ओतून टाकायचे, पीबीएस या क्षारद्रावणाने धुवायचे आणि मग ट्रिप्सिन या विकराने पेशी तळापासून सोडवायच्या असा क्रम होता. पेशी पुढच्या फ्लास्कमध्ये घालायच्या असतात तेव्हा हा क्रम योग्यच आहे. परंतु मृत्यू मोजायचा असताना आम्ही मृत पेशींनाच सिंकमध्ये सोडत होतो. पुढच्या वेळेपासून जुने माध्यम आणि धुण्याचे पाणी वेगळ्या नळीत गोळा केले, सुटलेल्या पेशी त्यातच मिसळल्या आणि सगळ्या एकत्र मोजल्या. ट्रिप्सिनबरोबर येणारे ईडीटीए हे द्रव्य कॅल्शियम पकडून ठेवते आणि कॅल्शियमशिवाय ॲनेक्सिन चिकटत नाही, म्हणून पेशी धुऊन अडीच मिलिमोलर कॅल्शियम असलेल्या बफरमध्ये घेण्याची काळजीही घेतली. ट्रिप्सिनमध्ये पेशी जास्त वेळ राहिल्या तर पटल दुखावते आणि जिवंत पेशीही मृत भासतात, त्यामुळे घड्याळ समोर ठेवून काम केले.

एवढे करूनही आमच्याकडचा मृत्यू ठाण्याच्या जवळपास पोहोचला नाही. आमच्या पेशींना मरताच येत नव्हते असेही नव्हते. सोबत लावलेल्या तुलनेच्या वेलमध्ये (प्लेटमधील छोट्या खळग्यात) एक मायक्रोमोलर स्टॉरोस्पोरिन हे पेशी मारणारे द्रव्य घातले होते आणि तिथे ॲनेक्सिनचा संकेत भरघोस आला होता. याचा अर्थ पेशींची मृत्युयंत्रणा आणि आमची मोजणी या दोन्ही गोष्टी ठीक होत्या. हिरड्याला मात्र त्या दाद देत नव्हत्या.

तीन फेऱ्या

यानंतर आम्ही ठरवले की एका वेळी एकच वस्तू ठाण्याहून आणायची आणि बाकी सगळे आमचेच ठेवायचे. विद्यार्थिनीच्या तीन फेऱ्या झाल्या.

पहिल्या फेरीत अर्क आला. बर्फाच्या डब्यात, अंधाऱ्या नळीत, ठाण्यात ज्या दिवशी परिणाम दिसला त्याच दिवशीचा उरलेला. आमच्या पेशींवर तो घातला आणि काही झाले नाही. दुसऱ्या फेरीत पेशी आल्या. फ्लास्क माध्यमाने काठोकाठ भरला की हलवल्यावर आत फेस होत नाही, म्हणून तसा भरून, झाकण घट्ट लावून त्यावर पॅराफिल्म गुंडाळून, शोषक कागदासह दुसऱ्या बंद डब्यात ठेवून तिने तो सकाळची गर्दी ओसरल्यावर आणला. त्या पेशी दोन दिवस स्थिरावू दिल्या, दोन्हीकडच्या पेशींची मायकोप्लाझ्मा या संवर्धनात लपून राहणाऱ्या जीवाणूसाठी पीसीआर चाचणी केली, ती दोन्हीकडे निर्दोष आली. ही चाचणी अनेक जण टाळतात, पण मायकोप्लाझ्मा माध्यमातील अन्नघटक फस्त करतो आणि पेशींची मृत्यूकडे झुकण्याची प्रवृत्ती बदलतो, म्हणून अशा वादात ती आधी करावी असे माझे मत आहे. ठाण्याच्या पेशीही आमच्या माध्यमात हिरड्याला बधल्या नाहीत.

तिसऱ्या फेरीत माध्यमाची बाटली आली आणि पेशी मेल्या.

ठाण्याइतक्या नव्हे, पण फरक निःसंशय होता. सहा तासांनी ॲनेक्सिन धरणाऱ्या आणि पीआय न घेणाऱ्या पेशींचा वेगळा पुंजका सायटोमीटरच्या पडद्यावर उभा राहिला. चोवीस तासांनी त्यातल्या बहुतेक पेशी दोन्ही रंग घेऊ लागल्या होत्या. हे अपेक्षितच असते, कारण शरीरात मरणाऱ्या पेशींना भक्षक पेशी गिळून टाकतात, प्लेटमध्ये त्या नसतात, आणि नीट क्रमाने मेलेली पेशीही शेवटी फुटते. फक्त चोवीस तासांनी पाहणाऱ्याला हा सगळा नेक्रोसिस, म्हणजे मार लागून झालेला मृत्यू, वाटला असता.

दोन्ही बाटल्या शेजारी ठेवल्या. दोन्हींवर डीएमईएम हे एकाच प्रचलित माध्यमाचे नाव, दोन्हींवर साडेचार ग्रॅम ग्लुकोज प्रति लिटर, कंपनीही एकच. कॅटलॉग क्रमांकाचे शेवटचे आकडे तेवढे वेगळे होते. विद्यार्थिनीने घटकांची यादी बोटाने ओळीओळीने वाचत नेली आणि एका ओळीवर थांबली. आमच्या बाटलीत सोडियम पायरुव्हेट ११० मिलिग्रॅम प्रति लिटर होते, म्हणजे साधारण एक मिलिमोलर. ठाण्याच्या बाटलीत ते नव्हते. "मॅडम, आपण दोघीही वहीत नुसते डीएमईएम लिहीत होतो," ती म्हणाली. बाटली मागवणाऱ्याने डीएमईएम मागितले होते आणि विक्रेत्याकडे जी शिल्लक होती ती आली होती. यात कोणाचाही हलगर्जीपणा म्हणावा असे काही नव्हते.

पायरुव्हेटने काय केले

पायरुव्हेट हे पेशीचे इंधन आहे हे सर्वांना ठाऊक असते. त्याचा दुसरा गुण कमी लक्षात घेतला जातो. हायड्रोजन पेरॉक्साइडशी त्याची थेट, विकराशिवाय, एकास एक अशी अभिक्रिया होते आणि त्यातून ॲसिटेट, कार्बन डायऑक्साइड व पाणी उरते. म्हणजे एक मिलिमोलर पायरुव्हेट तितकेच पेरॉक्साइड संपवू शकते. प्रश्न असा होता की आमच्या प्लेटमध्ये पेरॉक्साइड येणार कुठून.

त्याचे उत्तर हिरड्यातच होते. हिरड्यात चेब्युलॅजिक आणि चेब्युलिनिक आम्लासारखे टॅनिन भरपूर असतात, सोबत गॅलिक आम्ल असते. हिरडा तुरट लागतो तो यांच्यामुळे. पाण्यातील अर्क आम्लधर्मी असतो आणि त्यात हे रेणू बऱ्यापैकी स्थिर राहतात. माध्यमाचा सामू (पीएच) ७.४ च्या आसपास असतो, त्यात विरघळलेला ऑक्सिजन असतो आणि डीएमईएममध्ये फेरिक नायट्रेटच्या रूपाने लोहाचा अंशही असतो. अशा ठिकाणी हे रेणू आपले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला देऊन बसतात, त्यातून आधी सुपरऑक्साइड आणि मग हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. यासाठी पेशींची गरज नसते. सन २००० मध्ये बॅरी हॅलिवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिरव्या चहातील पॉलिफेनॉलच्या (टॅनिन ज्या वर्गात मोडतात त्या संयुगांच्या) बाबतीत हेच दाखवले होते की सर्वसाधारण संवर्धन-माध्यमांत ते घातले की थोड्याच वेळात पेरॉक्साइड साचते. तो निबंध मी अनेक वर्षांपूर्वी वाचला होता, आणि तरीही हिरड्याची प्लेट समोर असताना तो मला आठवला नाही, याची रुखरुख मला आजही आहे.

खूण तर डोळ्यांसमोरच होती. अर्क घातलेल्या वेलमधील माध्यम तासाभरात गुलाबीवरून मळकट तपकिरी होत असे, आणि आम्ही तो अर्काचाच रंग समजत होतो. रिकाम्या, पेशी नसलेल्या वेलमध्येही रंग तसाच बदलत असल्याचे विद्यार्थिनीच्या वहीत पहिल्या आठवड्यातच लिहिलेले सापडले.

मग पेशींना बाजूला ठेवून निव्वळ माध्यमाचा प्रयोग केला. दोन्ही बाटल्यांतील माध्यमात अर्क मिसळला, ३७ अंशांवर ठेवला आणि शून्य, तीस, साठ व एकशेवीस मिनिटांनी थोडे थोडे काढून झायलेनॉल ऑरेंजची चाचणी केली. या चाचणीत पेरॉक्साइड फेरस लोहाचे फेरिकमध्ये रूपांतर करते आणि ते रंगद्रव्याशी जोडले जाऊन जांभळट रंग येतो, जो ५६० नॅनोमीटरवर मोजतात. ठाण्याच्या माध्यमातील नळ्यांचा रंग प्रत्येक टप्प्याला गडद होत गेला. आमच्या माध्यमातील नळ्या दोन तासांनीही पिवळसरच राहिल्या. साध्या पाण्यातील अर्काचीही तीच गत. त्या रॅकमध्ये तीन रांगा होत्या आणि त्यातली एकच रांग जांभळी होत जाताना आम्ही उभ्याने पाहिली. माझ्या कामाच्या आयुष्यात इतके स्पष्ट उत्तर फार थोड्या वेळा मिळाले आहे.

तरीही इथे थांबणे मला योग्य वाटले नाही. पायरुव्हेट पेशीत शिरून मायटोकॉन्ड्रियाला इंधन पुरवते, त्यामुळे पेशी वाचल्या त्या पेरॉक्साइड संपल्यामुळे की इंधन मिळाल्यामुळे, हे केवळ पायरुव्हेटच्या प्रयोगातून ठरत नाही. म्हणून ठाण्याचेच माध्यम घेऊन चार प्लेट लावल्या. एकीत १०० मिलिमोलर साठ्यातून पायरुव्हेट घालून एक मिलिमोलर केले. दुसरीत कॅटलेज घातले. हा विकर मोठे प्रथिन असल्याने पेशीच्या आत जात नाही आणि बाहेरचे पेरॉक्साइड तेवढे फोडतो. तिसरीत तेच कॅटलेज उकळून निष्क्रिय केलेले होते. चौथी जशीच्या तशी ठेवली. पहिल्या दोन्ही प्लेटमधील पेशी वाचल्या, शेवटच्या दोन्हींमधील मेल्या. उकळलेल्या कॅटलेजची प्लेट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण तिच्याशिवाय कोणीही म्हणू शकला असता की टॅनिन प्रथिनांना चिकटतात आणि कॅटलेजने ते नुसते अडकवून ठेवले. टॅनिनचा तो गुणधर्म खराच आहे, चामडे कमावण्यासाठी हिरडा वापरतात तो त्याचमुळे. आमच्या प्लेटमध्ये मात्र ते कारण नव्हते, हे उकळलेल्या कॅटलेजने सांगितले.

पेशींना मारणारे द्रव्य अशा रीतीने हिरड्याने माध्यमात तयार केले होते. पेशी ॲपोप्टोसिसनेच मरत होत्या, कॅस्पेजचा संकेत खरा होता, झी-व्हॅड हे कॅस्पेज-रोधक घातल्यावर ॲनेक्सिनचा संकेत घटतही होता. मोजलेले सगळे बरोबर होते, फक्त त्यामागचे कारण चुकीचे जोडले गेले होते.

उरलेला फरक: दाटी आणि सीरम

ठाण्याची बाटली वापरूनही आमच्याकडचा मृत्यू ठाण्यापेक्षा कमीच होता, हे वर सांगितले. त्याची कारणे शोधताना दोन गोष्टी सापडल्या. ठाण्यात ९६ वेलच्या प्लेटमध्ये प्रत्येक वेलला पाच हजार पेशी घालत, आमच्याकडे वीस हजार. प्रत्येक पेशीत पेरॉक्साइड संपवणारे विकर असतात, त्यामुळे पेशी चौपट असल्या की तेच पेरॉक्साइड चौघींत वाटले जाते आणि लवकर संपते. औषधाची मात्रा आपण माध्यमातील प्रमाणात लिहितो. पेरॉक्साइडच्या बाबतीत प्रत्येक पेशीच्या वाट्याला किती आले याला अधिक अर्थ असतो. आम्ही पाच हजारांवर आलो तेव्हा आमचे आकडे ठाण्याच्या दिशेने सरकले. दाटीचा विचार करताना पेशी विरळ असल्या की शेजारणींचे संकेतही कमी पडतात, हा रॅफ यांचा मुद्दाही इथे लागू होतो, पण आमच्या प्रयोगात त्याचा वाटा वेगळा काढता आला नाही.

दुसरी गोष्ट सीरमची. ठाण्यात अर्क देताना सीरम दहा टक्क्यांवरून दोन टक्क्यांवर आणत, कारण सीरममधील अल्ब्युमिन अर्काला बांधून ठेवते आणि परिणाम झाकला जातो असे त्यांच्याकडे शिकवले जात होते. ते खोटे नाही. पण सीरम कमी करणे म्हणजे जगण्याचे संकेत कमी करणे. अठ्ठेचाळीस तासांच्या प्रयोगात अर्क न दिलेल्या पेशींतही ॲनेक्सिनचा संकेत थोडा वाढलेला होता आणि तो वजा केल्याशिवाय अर्काच्या नावावर टाकला गेला होता. वजाबाकी केल्यावरही प्रश्न पुरता सुटत नाही, कारण आधीच अर्धपोटी असलेली पेशी पेरॉक्साइडचा तोच घाव अधिक लागून घेते. दोन ताण एकमेकांत मिसळतात, नुसते शेजारी उभे राहत नाहीत.

मोठ्या मात्रेचे कोडे आणि एमटीटी

एका निरीक्षणाने आम्हाला बरेच दिवस छळले. अर्काची मात्रा दुप्पट केल्यावर पीआय घेणाऱ्या पेशी वाढत, पण कॅस्पेज-३ ची क्रियाशीलता उलट खाली येई. पेरॉक्साइड हे कारण समजल्यावर याचाही उलगडा झाला. कॅस्पेजच्या कार्यस्थानी सिस्टीन हे अमिनो आम्ल असते आणि पेरॉक्साइड जास्त झाले की त्याचे ऑक्सिडीकरण होऊन विकर बंद पडतो. १९९७ मध्ये हॅम्प्टन आणि ऑरेनियस यांनी जुरकट या मानवी रक्तकर्करोगाच्या पेशींत दाखवले होते की थोड्या पेरॉक्साइडने कॅस्पेज जागृत होतात आणि जास्त पेरॉक्साइडने तेच रोखले जातात. शिवाय क्रमवार मृत्यूसाठी पेशीला एटीपी, म्हणजे पेशीतील ऊर्जेचे चलन, लागते, ती संपली तर पेशी त्या वाटेने जाऊ शकत नाही आणि फुटते. त्यामुळे एकाच अर्काच्या दोन मात्रांवर दोन वेगळ्या प्रकारचे मृत्यू दिसणे हे अर्काचे वैशिष्ट्य असेलच असे नाही.

एमटीटी चाचणीबद्दल थोडक्यात. ती मृत्यू मोजत नाही, एमटीटी या पिवळ्या क्षाराचे जांभळ्या फॉर्मॅझानमध्ये रूपांतर करण्याची पेशींची क्षमता मोजते. हिरड्यातील पॉलिफेनॉल हे रूपांतर पेशींशिवायही करतात. रिकाम्या वेल जांभळ्या झालेल्या पाहिल्यावर आम्ही एमटीटी घालण्याआधी अर्क धुऊन काढू लागलो, आणि या प्रकरणात त्या चाचणीवर कोणताही निष्कर्ष टेकवला नाही.

याच सुमारास एका सहकाऱ्याने हे सगळे एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींत पुन्हा करून पाहण्याचे सुचवले. त्या पेशींत कॅस्पेज-३ च्या जनुकाचा तुकडा गळालेला असल्याने ते प्रथिन तयारच होत नाही. आमची अर्धी मोजणी कॅस्पेज-३ वर उभी होती, म्हणून आम्ही तो बेत सोडला.

हिरड्याबद्दल काय म्हणता येते

विद्यार्थिनीला सर्वांत जड गेले ते हे, की तीन महिन्यांच्या कामाचा मथळा हातातून निसटत होता. ती दोन दिवस प्रयोगशाळेत आली नाही. परत आली तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला: "मग शरीरात पण पेरॉक्साइड तयार होईल ना, आणि तेच औषध ठरेल ना?" प्रश्न रास्त होता आणि मी त्याला सरळ उत्तर दिले. इन्क्युबेटरमधील हवेत ऑक्सिजन सुमारे १८ ते १९ टक्के असतो, शरीरातील बहुतेक ऊतींमध्ये त्याहून पुष्कळ कमी. रक्तात थोडे का होईना पायरुव्हेट असतेच आणि लाल पेशींत कॅटलेज ठासून भरलेले असते. शिवाय हिरडा पोटात गेल्यावर त्यातील मोठे टॅनिन जसेच्या तसे रक्तात पोहोचत नाहीत. त्यांचे विघटन होऊन इलॅजिक आम्ल निघते आणि आतड्यातील जीवाणू त्यापासून युरोलिथिन नावाची संयुगे बनवतात. हेला पेशींवर आम्ही ओतलेला अर्क आणि शरीरातील पेशीला भेटणारा हिरडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिरडा निरुपयोगी आहे असे यातून सिद्ध होत नाही. तो कर्करोगाच्या पेशी मारतो असे म्हणायला आमच्या प्लेटने आधार दिला नाही, एवढेच. घरी हे कसे सांगायचे ते तिने स्वतः ठरवले, आणि सांगितले.

कॅटलेज ठेवूनही एक लहानसा परिणाम शिल्लक राहिला. मोठ्या मात्रेवर बहात्तर तासांनी पेशींची संख्या तुलनेच्या वेलपेक्षा कमी भरली, मात्र ॲनेक्सिनचा संकेत वाढलेला नव्हता. म्हणजे पेशी मरत नव्हत्या, सावकाश विभागत होत्या. तो खरा हिरड्याचा गुण असू शकतो, आणि पुढचे काम आता त्यावर चालू आहे, यावेळी अर्काबरोबर युरोलिथिनही घेऊन.

दोन्ही प्रयोगशाळांनी मिळून नोंदीचा एक तक्ता केला आहे. त्यात माध्यमाच्या नावासमोर कॅटलॉग क्रमांक आणि पायरुव्हेट आहे की नाही, सीरमचे प्रमाण, प्रत्येक वेलमधील पेशी, अर्क माध्यमात मिसळल्यापासून पेशींवर घालेपर्यंतचा वेळ, आणि पेशी नसलेल्या वेलचा रंग हे रकाने आहेत. प्रबंधातील निष्कर्षाचे वाक्य पूर्वी एका ओळीचे होते. मार्गदर्शकांनी ते आटोपशीर करण्याचा आग्रह धरला, पण विद्यार्थिनीने ऐकले नाही, आणि ते आता असे छापले गेले आहे: "पायरुव्हेट नसलेल्या डीएमईएममध्ये, दोन टक्के सीरम व प्रति वेल पाच हजार पेशी असताना, हिरड्याच्या जलीय अर्काने हेला पेशींत कॅस्पेजवर अवलंबून असलेला मृत्यू दिसून आला, एक मिलिमोलर पायरुव्हेट किंवा सक्रिय कॅटलेज यांच्या उपस्थितीत तो दिसला नाही, आणि पेशी नसलेल्या माध्यमातही त्या अर्कापासून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होत असल्याचे आढळले."